डिजिटल ऑसिलोस्कोप: जोडणीपासून पहिल्या भरवशाच्या मोजमापापर्यंत

मल्टिमीटर विद्युतदाबाचा एक आकडा सांगतो, तर ऑसिलोस्कोप तोच दाब काळानुसार कसा बदलत गेला याचा आलेख काढून दाखवतो. अडचण एवढीच की मांडणी चुकली असली तरी पडद्यावर काहीतरी सुबक चित्र उमटतेच, आणि नवख्या माणसाला ते खरे वाटते. म्हणून सुरुवातीचे काही दिवस सर्व मांडणी आपोआप करून देणारे ‘ऑटो’ बटण वापरू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. ते बटण चित्र मिळवून देते, पण ते कशामुळे मिळाले हे कळू देत नाही.

जोडण्यापूर्वी: अर्थिंगची क्लिप

प्रोबला, म्हणजे सर्किटला टेकवायचे टोक असलेल्या वायरीला, लोंबणारी मगरीच्या जबड्यासारखी क्लिप हे दुसरे मोकळे टोक नव्हे. मुख्य विजेवर चालणाऱ्या बाकावरच्या ऑसिलोस्कोपमध्ये ती उपकरणाच्या धातूच्या सांगाड्याशी आणि तिथून प्लगच्या अर्थिंगशी थेट जोडलेली असते; शिवाय सर्व चॅनेलच्या (संकेत आत घेणाऱ्या वेगवेगळ्या वाटांच्या) क्लिपा साधारणतः आतून एकमेकींना जोडलेल्याच असतात. अशी क्लिप अर्थिंगच्या तुलनेत दाब असलेल्या बिंदूला लावली की तिथे शॉर्टसर्किट होते, आणि त्यात सर्किट, प्रोब किंवा माणूस यांपैकी कोणालाही इजा होऊ शकते. त्यावर उपाय म्हणून ऑसिलोस्कोपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक आहेत. तसे कधीही करू नये, कारण मग उपकरणाच्या सांगाड्यातच वीज उतरू शकते. मुख्य विजेशी थेट जोडलेले सर्किट तपासायचे असेल, तर त्या दाबासाठी बनवलेला डिफरन्शियल प्रोब (दोन बिंदूंच्या दाबांतला फरक मोजणारा) वापरावा. शिकताना मात्र बॅटरीवर चालणारे कमी दाबाचे सर्किटच घ्यावे.

प्रोब आणि त्याची जुळणी

बहुतेक प्रोबवर एकपट आणि दहापट अशी सरकती कळ असते. ती दहापटीवर ठेवावी. या स्थितीत प्रोबमधला ९ मेगाओहमचा रोध उपकरणाच्या १ मेगाओहम रोधाशी एकसरीत येतो, त्यामुळे आत दाबाचा दहावा हिस्सा पोहोचतो आणि सर्किटवर एकूण १० मेगाओहमचा हलका भार पडतो. एकपटीवर भार वाढतो आणि प्रोबची बँडविड्थ (नीट दाखवता येणाऱ्या वारंवारतेची मर्यादा) काही मेगाहर्ट्झपर्यंत खाली येते, मग ऑसिलोस्कोप कितीही वेगवान असो. अगदी लहान आणि संथ संकेतांसाठीच ती स्थिती उपयोगाची आहे. कळ सरकवल्यावर चॅनेलच्या मेनूमध्येही तेच गुणोत्तर निवडावे, नाहीतर ५ व्होल्ट हे अर्धा व्होल्ट म्हणून दिसतील.

आता प्रोबचे टोक आणि क्लिप उपकरणाच्या दर्शनी भागावरील जुळणीच्या टर्मिनलांना लावावी. तिथे सहसा १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर मिळते. लहरीचे कोपरे गोलसर दिसत असतील किंवा टोकदार उसळी घेत असतील, तर प्रोबवरचा छोटा स्क्रू प्लास्टिकच्या पेचकसाने हळूहळू फिरवून माथा सपाट करावा. हे काम अर्ध्या मिनिटाचे आहे, पण ते टाळले तर स्थिर दाब अचूक दिसतो आणि वाढत्या वारंवारतेला उंची चुकीची येते, म्हणजे चूक लपून राहते. प्रोब एका चॅनेलवरून दुसऱ्यावर नेला तरी ही जुळणी पुन्हा तपासावी.

उभा आणि आडवा अक्ष

पडद्यावर उभ्या दिशेने बहुधा ८ घरे असतात. व्होल्ट प्रति घर ठरवणारा नॉब असा ठेवावा की लहर त्यातली सुमारे ६ घरे व्यापेल. ८ बिटांचे उपकरण संपूर्ण उंची २५६ पायऱ्यांत मोजते; लहर एकाच घरात दाटून बसवली, तर तिच्या वाट्याला जेमतेम ३२ पायऱ्या येतात. उलट लहर पडद्याबाहेर गेली, तर उंचीचे मोजमाप निरर्थक ठरते.

कपलिंग, म्हणजे संकेत आत घेण्याची पद्धत, एरवी डीसीवर ठेवावे. ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर स्वार झालेला २० मिलिव्होल्टचा तरंग पाहायचा असेल, तेव्हा एसी कपलिंग घेऊन स्थिर भाग वगळावा आणि १० मिलिव्होल्ट प्रति घरापर्यंत यावे. मात्र एसी कपलिंगमध्ये संथ चौकोनी लहरीचे सपाट माथे उतरते दिसू लागतात. तो दोष सर्किटचा नसतो.

आडव्या अक्षावर २०० मायक्रोसेकंद प्रति घर ठेवले, तर १ किलोहर्ट्झ लहरीचे एक आवर्तन बरोबर ५ घरे व्यापते. इथली फसगत स्मृतीमुळे होते. समजा, उपकरणात १० लाख नमुने (दाबाच्या क्षणोक्षणीच्या नोंदी) साठतात आणि पडद्यावर आडवी १० घरे आहेत. १ सेकंद प्रति घर निवडले की तेच नमुने १० सेकंदांवर पसरतात आणि सेकंदाला फक्त १ लाख नमुने घेतले जातात. तेव्हा ९९ किलोहर्ट्झची लहर १ किलोहर्ट्झची असल्यासारखी दिसू शकते. म्हणून वेगवान मांडणीपासून सुरुवात करून संथ मांडणीकडे यावे, आणि नॉब फिरवल्यावर लहरीची वारंवारताच बदललेली दिसली, तर आधीचे चित्र खोटे मानावे.

ट्रिगर

संपूर्ण उपकरणात समजून घेण्यासारखा भाग कोणता, असे विचारले तर मी ट्रिगरचे नाव घेईन. दाब ठरावीक पातळी ओलांडतो त्या क्षणाशी प्रत्येक चित्र जुळवून मांडले जाते, म्हणूनच लहर स्थिर दिसते. लहर सरकत असेल, तर आधी ट्रिगरचा स्रोत योग्य चॅनेलवर आहे का हे पाहावे आणि मग पातळीची खूण लहरीच्या उंचीच्या आत आणावी. ट्रिगरच्या ‘ऑटो’ पद्धतीत (सुरुवातीला सांगितलेले ‘ऑटो’ बटण वेगळे) ट्रिगर न मिळताही चित्र काढले जाते, ‘नॉर्मल’मध्ये तो मिळेपर्यंत उपकरण थांबते आणि ‘सिंगल’मध्ये एकदाच टिपून गोठते.

‘सिंगल’चे सामर्थ्य एका साध्या बटणावर पाहता येते. १० किलोओहमच्या रोधाने ५ व्होल्टला जोडलेले आणि दाबल्यावर शून्याला जाणारे बटण घ्यावे. उतरती कड, २.५ व्होल्टची पातळी आणि १ मिलिसेकंद प्रति घर निवडावे, ट्रिगरचा बिंदू थोडा डावीकडे सरकवावा, ‘सिंगल’ दाबून मग बटण दाबावे. एका दाबण्यातच धातूचे संपर्क अनेकदा उसळून जुळतात-तुटतात हे पहिल्याच काही प्रयत्नांत दिसते, आणि मायक्रोकंट्रोलर एका दाबाचे चार दाब का मोजतो याचा उलगडा होतो. ट्रिगरच्या आधीचा काळही त्याच चित्रात असतो, कारण उपकरण नमुने सतत साठवत राहते.

आकडे वाचताना

आपोआप मिळणारी वारंवारता ग्राह्य धरण्यापूर्वी पडद्यावर किमान एक पूर्ण आवर्तन आहे, हे पाहावे. लहरीच्या सर्वात वरच्या टोकापासून सर्वात खालच्या टोकापर्यंतच्या उंचीच्या आकड्यात गोंगाटही मिसळतो. नेमका टप्पा मोजायचा असेल तर कर्सर (पडद्यावर हाताने सरकवता येणाऱ्या खुणेच्या रेषा) बरा. सरासरीची सोय फक्त पुनरावृत्त लहरींसाठी आहे. १०० मेगाहर्ट्झ बँडविड्थच्या उपकरणात त्याच वारंवारतेची साइन लहर सुमारे ७०.७ टक्के उंचीची दिसते, आणि त्याचा स्वतःचा चढण्याचा काळ (कड खालून वर जायला लागणारा वेळ) अंदाजे ३.५ नॅनोसेकंद असतो. त्याहून वेगवान कड त्यावर खरी दिसणार नाही.

वेगवान कडेनंतर थरथर दिसली, तर सर्किटला दोष देण्यापूर्वी प्रोबची लांब अर्थिंगची वायर काढून तिथे आखूड स्प्रिंग लावावी आणि तोच बिंदू पुन्हा मोजावा. थरथर कमी झाली, तर ती बहुतांशी त्या वायरच्या प्रेरकत्वाची होती. तसेच टोक आणि क्लिप दोन्ही सर्किटच्या एकाच ग्राउंड बिंदूला लावून पाहावे. तेव्हाही पडद्यावर जे उरते, तो प्रोबने आजूबाजूतून उचललेला गोंगाट असतो.