घर घेताना-विकताना पाहुण्यांचा सल्ला: कुणाला काय विचारायचं अन् कुठं थांबायचं

घर घ्यायचंय असं एकदा घरात नुसतं बोललात की दोन दिवसांत सगळ्या पाहुण्यांना कळतं. मग दाजी म्हणतात फ्लॅट नकोच प्लॉट घ्या, मामा म्हणतात लातुरात काय ठेवलंय संभाजीनगरला बघा, साडू म्हणतो आत्ता थांबा भाव पडायलेत, अन् ज्यानं आजवर स्वतःची खोलीसुद्धा घेतली नाही तो मित्र सगळ्यात जास्त बोलतो. यातलं कुणी वाईट व्हावं म्हणून सांगत नाही. पण प्रत्येकजण स्वतःच्या व्यवहारात जे झालं तेच सांगतो, अन् त्याचा व्यवहार 2009 चा असतो नाहीतर पुण्यातला असतो. म्हणून सल्ला घ्यायचाच, फक्त कुणाकडून कशाचा घ्यायचा हे आधी ठरवायचं.

पहिलं: आपला आकडा ठरवा, मग बोला

नवरा-बायकोनं बसून कागदावर लिहायचं, महिन्याला हप्ता किती झेपतो, हातात किती आहेत अन् कोणत्या आकड्याच्या वर जायचंच नाही. यात रजिस्ट्रीचा खर्च विसरू नका. शहरात मुद्रांक शुल्क साधारण 6-7 टक्के धरून चाला, वर नोंदणी फी 1 टक्का, ती जास्तीत जास्त 30 हजार. हा आकडा पाहुण्यांना सांगायचा नाही. सांगितला की जो तो "अजून पाच टाका, चांगलं मिळतंय" म्हणतो, अन् ते पाच त्याच्या खिशातून जाणार नसतात.

दुसरं: ज्यानं जे बघितलंय तेच त्याला विचारा

पाहुण्यांच्या सल्ल्याची खरी किंमत इथंच आहे. त्या गल्लीत राहणारी आत्या तुम्हाला जे सांगेल ते कोणताच एजंट सांगणार नाही. पण "एरिया कसाय?" असं विचारलं तर "चांगलाय की" एवढंच उत्तर येतं. प्रश्न बारीक करा. पाणी येतं का असं विचारू नका, मागच्या वेळी कधी आलं होतं, किती वेळ होतं, टँकर कितीला पडतो, बोअर कोणत्या महिन्यात आटतो हे विचारा. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ लातूरवर आली ते 2016 फार लांबचं नाही, त्यामुळं आपल्याकडं पाणी हा पहिला प्रश्न, टाईल्स नंतर. तिथं गेलात की शेजारच्या गच्चीवर बघा, एका घरावर तीन-तीन टाक्या अन् अंगणात निळे ड्रम ओळीनं लावलेले दिसले तर उत्तर मिळालं समजा.

तसंच पावसाळ्यात नाली कुठं तुंबते, रात्री वर्दळ कसली असते, मालकाच्या भावकीत काही वाद चालूय का, हे गावातल्या माणसालाच माहीत असतं. बांधकाम बघायला मात्र मिस्त्री किंवा इंजिनिअर असलेला पाहुणा न्या. ज्यांनी 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप बघितला ती माणसं भिंत-कॉलम बघताना जे विचारतात ते ऐकण्यासारखं असतं.

तिसरं: भाव पाहुण्यांकडून घेऊ नका

"आमच्या शेजारचं तर तीसला गेलं." कधी गेलं, किती स्क्वेअर फुटाचं, कार्पेट का बिल्टअप, कशाचाच पत्ता नसतो. नोंदणी विभागाच्या वेबसाईटवर त्या भागाचा रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारनं ठरवलेला, दर निघतो अन् झालेल्या व्यवहारांची सूची क्रमांक 2, म्हणजे आपण इंडेक्स टू म्हणतो ती, शोधता येते. जवळपासच्या तीन-चार व्यवहारांची काढा. कागदावरचा आकडा अन् खरा आकडा वेगळा असू शकतो हे सगळ्यांना माहितीय, तरी ऐकीव भावापेक्षा हे बरं. अन् कुणी "कागदावर कमी दाखवू" म्हणलं तर लक्षात ठेवा, मुद्रांक शुल्क करारातली किंमत अन् सरकारी मूल्यांकन यातलं जे जास्त त्याच्यावर लागतं.

चौथं: कागद वकिलानंच बघायचे, अन् वकील इथलाच

पाहुणे म्हणतात "बँकेनं लोन दिलंय म्हणजे कागद क्लिअर." बँक स्वतःच्या पैशापुरतं बघते. तुमचा वकील वेगळा पाहिजे, निदान 30 वर्षांच्या जुन्या नोंदी तपासणारा, म्हणजे सर्च काढणारा. पुण्याच्या भाच्याचा वकील कितीही हुशार असो, मराठवाड्याची जमीन वेगळी आहे. 1948 पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. त्यामुळं इथं इनाम, मदतमाश (निर्वाहासाठी दिलेल्या), खिदमतमाश (सेवेच्या बदल्यात दिलेल्या), कुळाच्या, देवस्थानच्या, वक्फच्या जमिनी निघतात अन् जुने कागद उर्दूत किंवा मोडीत असतात. सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग 2" दिसलं की थांबा, परवानगीशिवाय तो व्यवहार होत नाही. "इतर हक्क" हा रकानासुद्धा वाचा, बोजा अन् कोर्टाची केस तिथं दिसते.

संभाजीनगरात सातारा-देवळाई, पडेगाव, मिटमिटा असल्या भागात गुंठेवारीची, म्हणजे मंजुरी न घेता गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेल्या प्लॉटवरची, घरं भरपूर. इथं हमखास ऐकायला मिळतं, "आम्ही बाँडवरच घेतलं, पंधरा वर्षं झाली कुणी विचारलं नाही." त्यांना कुणी विचारलं नाही कारण त्यांनी विकायला काढलं नाही! गुंठेवारीचा कायदा 2001 चा, नंतर 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं नियमित करून घ्यायची मुभा मिळाली. तेव्हा विचारायचं एकच, नियमितीकरणाचं प्रमाणपत्र आहे का. नोटरी केलेल्या बाँडनं मालकी येत नाही, रजिस्टर खरेदीखतानं येते. सिडकोतलं घर असेल तर लीजहोल्ड (भाडेपट्ट्याचं) का फ्रीहोल्ड (पूर्ण मालकीचं) तेही बघा.

नवीन स्कीममधला फ्लॅट असेल तर बिल्डरांच्या प्रोजेक्टची नोंदणी करणाऱ्या महारेराच्या साईटवर प्रोजेक्ट शोधा, पाच मिनिटांचं काम. 500 चौरस मीटरपेक्षा मोठी जागा अन् 8 पेक्षा जास्त फ्लॅट असले की नोंदणी लागते, अन् करार रजिस्टर व्हायच्या आधी बिल्डरला 10 टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत. मग तो बिल्डर मामांच्या कितीही ओळखीचा असू दे.

पाचवं: सल्ल्याची तारीख विचारा

नियम बदलतात, पाहुण्यांचं डोकं तिथंच राहतं. "घर विकलं की 20 टक्के टॅक्स" हे काका अजून सांगतील. 23 जुलै 2024 पासून दोन वर्षांच्या वर ठेवलेल्या घराच्या नफ्यावर 12.5 टक्के झालाय, फक्त महागाईची सूट मिळत नाही. त्याच्या आधी घेतलेल्या घराला जुन्या हिशोबानं 20 टक्क्यांचा पर्यायही आहे, सीएकडून दोन्ही करून बघा. "बायकोच्या नावावर घे, सूट मिळते" हेही अर्धंच खरं. मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे, पण घर एकट्या बाईच्या नावावर पाहिजे, जोडीला नवऱ्याचं नाव टाकलं की गेली.

सहावं: सल्ला देणाराच व्यवहारात असेल तर

हे जरा अवघड. साडूनंच प्लॉट दाखवला, मालक त्याचा दोस्त, अन् मध्ये त्याचे टक्के आहेत का नाही हे विचारायची लाज वाटते. विचारा. भांडल्यासारखं नाही, हसत, "भाऊजी, तुमचं काय ठरलंय ते आधीच सांगा म्हणजे मी त्यात धरतो." त्यानं कमिशन घेतलं तर काही बिघडत नाही, लपवलं तर बिघडतं. अन् "घरातलाच माणूस, लिहून कशाला घ्यायचं" हे वाक्य आलं की इसार पावती नक्की करायची. तारीख, रक्कम, खरेदीखताची मुदत, व्यवहार मोडला तर पैसे कसे परत, सगळं त्यात. रोखीचा तर विषयच नको, जागेच्या व्यवहारात 20 हजार अन् त्याच्या वर रोख घेता येत नाही.

विकायचं असेल तर

विकताना सगळ्यात आधी बहिणींशी बोला. वडिलोपार्जित वाडा असेल तर 2005 पासून मुलींचा वाटा मुलांइतकाच आहे. "तिला काय पाहिजे, ती कुठं मागती" असं भाऊ परस्पर ठरवतात अन् खरेदीदाराचा वकील तिची सही मागतो तेव्हा सगळं अडकतं. ती सोडणार असेल तर हक्कसोडपत्र रजिस्टर पाहिजे, साध्या कागदावरच्या सहीचा उपयोग नाही.

दुसरं म्हणजे "बाहेर देऊ नको, मलाच दे" म्हणणारा चुलता निघतोच. द्यायला हरकत नाही, पण आधी बाहेरच्या दोघांकडून आकडा घ्या अन् मग त्याला सांगा. सूट द्यायची तर किती देतोय हे तुम्हाला माहीत असावं.

उसने पैसे अन् नाव

डाऊन पेमेंटला पाहुण्यांकडून उसने घेणार असाल तर तेही बँकेतूनच, 20 हजार अन् वरची उसनवारी रोखीत चालत नाही. कधी परत करणार ते व्हॉट्सॲपवर तरी लिहून ठेवा. "सध्या मेव्हण्याच्या नावावर घे, नंतर करू बदल" असं कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा, पैसे तुमचे अन् नाव दुसऱ्याचं असलं की ते बेनामीत मोडतं अन् त्याला 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अन् ज्यांचं ऐकलं नाही त्यांना खरेदीखत झाल्याबरोबर, वास्तूच्या पत्रिकेच्या आधी, फोन स्वतः करा, कारण दुसऱ्याकडून कळलं की मामा जेवायला येतात पण वर्षभर बोलत नाहीत.