बिल्ड टूलमध्ये हात घालताय? आधी मशीनचं घड्याळ बघा

सी++ येतं, गिट येतं, पॅच कसा पाठवायचा तेही माहीत आहे, असं धरून लिहितोय. कुडाळात राहून मी एका छोट्या ओपन सोर्स बिल्ड टूलची, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवून देणाऱ्या साधनाची, देखभाल करतो. टूल पायथॉनमध्ये आहे. प्रोजेक्टचं वर्णन वाचून ते निन्जासाठी (प्रत्यक्ष बिल्ड चालवणारा प्रोग्रॅम) फाइल तयार करतं आणि लिनक्स, विंडोज, मॅक तिन्हीकडे सारखं चालावं अशी अपेक्षा असते. कौतुकाची आशा ठेवून येऊ नका. टूल चाललं तर कुणाला त्याची आठवण नसते, अडलं की मात्र पहिल्या शिव्या तुम्हालाच.

प्लॅटफॉर्मचे नेहमीचे खड्डे लवकर पाठ होतात. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टला ८,१९१ अक्षरांपुढची आज्ञा झेपत नाही. मॅक आणि विंडोज फाइलच्या नावातली कॅपिटल-स्मॉल अक्षरं एरवी एकच धरतात, लिनक्स धरत नाही. हे कुठेही वाचायला मिळेल.

मला रडवलं ते घड्याळाने, आणि ते मी सविस्तर सांगणार. तक्रार अशी यायची: "सोर्स बदलला, तरी टूल म्हणतं काही काम नाही." माझ्याकडेही कधी व्हायचं, कधी नाही. एका पावसाळी दुपारी लाइट गेली, टॉवरही गेला. लाइट आल्यावर मशीन लिनक्समध्ये सुरू केलं, तर भिंतीवर साडेतीन आणि स्क्रीनवर रात्रीचे नऊ!

मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही सिस्टिम होत्या. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं. लिनक्स तीच वेळ यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) समजून वर साडेपाच तास चढवतं. नेट असेल तर वेळ आपोआप जुळते, म्हणून शहरातल्या मित्राला हे कधी दिसतच नाही. आपल्याकडे नेट नसताना बिल्ड केलं, की ऑब्जेक्ट फाइलींवर (सोर्समधून तयार झालेल्या फाइली) साडेपाच तास पुढची वेळ पडते. मग नेट येतं, घड्याळ सुधारतं, तुम्ही सोर्स बदलता; पण ऑब्जेक्ट अजून 'नवीन' आहे. निन्जा फक्त वेळा ताडून बघतो, फाइलीच्या आत डोकावत नाही. त्यामुळे तो गप्प बसतो. उलट बाजूने, बिल्डचं वर्णन असलेली फाइलच भविष्यातली असेल तर निन्जाची फाइल पुन्हापुन्हा तयार होत राहते आणि १०० प्रयत्नांनंतर तो हात टेकतो. जीएनयू मेक (निन्जासारखाच दुसरा प्रोग्रॅम) निदान इशारा देतो की अमुक फाइल इतके सेकंद पुढची आहे. तो आकडा वीस हजारांच्या आसपास दिसला तर कोडमध्ये शोधत बसू नका. साडेपाच तास म्हणजे १९,८०० सेकंद.

विंडोजला रजिस्ट्रीतून यूटीसी वापरायला लावलं की हा प्रश्न मिटतो. पण वापरणाऱ्याचं घड्याळ आपल्या हातात नसतं. म्हणून टूलमध्ये आम्ही एवढंच केलं: बिल्ड सुरू होताना एखादी फाइल 'आत्ता'च्या पुढची दिसली, तर तिचं नाव आणि फरक छापायचा. दहा-पंधरा ओळींचा पॅच, पण त्या ओळी कुठे घालायच्या हे कळायलाच सगळा वेळ गेला.

"बिल्ड फोल्डर उडव आणि परत चालव" हा सल्ला मला मनापासून खटकतो. फोल्डर गेला की पुरावाही गेला. आधी त्याची कॉपी ठेवा, वेळा बघा, मग काय उडवायचं ते उडवा. आणि असा सल्ला चटकन देणाऱ्याला गुरू करू नका. मला ज्यांच्याकडून शिकायला मिळालं ते तिकडून फक्त विचारायचे, "तुझ्या मशीनवर आत्ता किती वाजले?" तेव्हा चिडचिड व्हायची.

मॅक नाही म्हणून मागे राहू नका. सार्वजनिक रेपॉझिटरीला गिटहब अ‍ॅक्शन्सवर कोड चालवून बघायला विंडोज आणि मॅकची मशीनं फुकट मिळतात, माझंही बरंच काम त्यावरच चालतं. मात्र रेंज कमी म्हणून फक्त शेवटच्या कमिटपुरतं क्लोन घेऊ नका. मागचा इतिहास नसेल तर गिट बायसेक्ट (बिघाड कुठल्या कमिटपासून आला ते शोधणारी आज्ञा) कशावर चालवणार? हजार कमिटमधला बिघाड ते साधारण दहा पायऱ्यांत पकडतं, ते सोडणं परवडत नाही. रात्री रेंज बरी असते तेव्हा पूर्ण क्लोन लावून झोपा.

पैशांचं विचाराल तर टूलचा पगार नाही. ते काम बघून कंपन्यांची बिल्ड दुरुस्तीची कंत्राटं येतात, महिने मात्र सारखे जात नाहीत. घरी आईला अजून पटलेलं नाही.

पहिलं काम म्हणून नवं फीचर घेऊ नका, कुणी विचारत नाही अशी जुनी तक्रार घ्या. ती स्वतःच्या मशीनवर घडवून दाखवा आणि कुठल्या सिस्टिमवर, कुठल्या आवृत्तीवर, काय चालवलं ते तिथेच लिहा. दुरुस्ती जमली नाही तरी चालेल. असं नीट लिहिणारा माणूस मेंटेनरच्या लगेच लक्षात राहतो, पुढचा पॅच तो स्वतःहून बघतो.