पाऊस गेला, पंप घेताय? आधी पाणी कसलं ते बघा

मंडळी, पाऊस ओसरला, वायंगणी भाजीपाल्याची तयारी सुरू झाली, आंब्याच्या फवारण्याही तोंडावर आल्यात, आणि दुकानात जो तो एकच विचारतो, किती एचपीचा घेऊ? अहो एचपी नंतर. पाणी किती खोलावरून उचलायचं आणि पंपातून नेमकं काय जाणार, हे आधी ठरवा.

आत्ता विहीर तुडुंब आहे म्हणून काठावर मोनोब्लॉक (मोटर नि पंप एकाच सांगाड्यात असलेला, पाण्याबाहेर बसणारा पंप) बसवतात नि एप्रिलात तोच हवा खायला लागतो. वरचा पंप कितीही एचपीचा असो, व्यवहारात 20-22 फुटांच्या खालचं पाणी तो खेचत नाही, कारण पाणी वर ढकलतो तो बाहेरच्या हवेचा दाब, मोटर नाही. आमच्या जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मे महिन्यात 35 फुटांवर जातं. दोन उन्हाळे पंप दोराने खाली कपारीत उतरवला, रोज कळशीने पाणी भरून चालू केला, शेवटी ओपनवेल पाणबुडी, म्हणजे विहिरीत पाण्याखाली बसणारा पंप, टाकली. ती पाण्याबाहेर चालली की जळते, म्हणून स्टार्टरमध्ये ड्राय रनचं संरक्षण (पाणी संपलं की मोटर आपोआप बंद करणारं) घ्याच. थोडक्यात पातळी मेची धरा, आत्ताची नको.

किनाऱ्यालगतच्या वाड्यांना माझं कळकळीचं सांगणं, मोठा पंप नकोच. रेताड जमिनीत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, जोरात उपसलं की खालचं खारं वर येतं आणि मग माडाची पानं करपतात. लहान पंप, थोडा वेळ चालवा, विहिरीला भरू द्या. पाणी मचूळ असेल तर बिडाचा पंप लवकर खातो, स्टीलचा किंवा ब्राँझचा इंपेलर (पंपातला पाणी फेकणारा फिरता पंखा) मागा.

शेणकाला नि जीवामृताला पाण्याचा पंप लावू नका, काडीकचरा बंद इंपेलरमध्ये अडकतो, मड पंप घ्या, आणि ठिबकला सोडायचं तर आधी फडक्याने गाळा.

आता फवारणीचं. आंब्याच्या उंच कलमांच्या शेंड्याला एचटीपीच (जास्त दाबाचा फवारणी पंप) हवा, त्याचे प्लंजर (पुढेमागे सरकणारे दट्टे) 20-30 किलोचा दाब देतात. सुपारीला बोर्डो (मोरचूद नि चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण) मारता तेव्हा आधी लोखंडी विळा बुडवून बघा, पात्यावर तांबूस थर आला तर अजून चुना घाला, नाहीतर ते औषध पानंही जाळतं नि पंपाचं लोखंडही. चुन्याची निवळी गाळूनच ड्रममध्ये ओता, खरखर राहिली तर पंपाचं पॅकिंग (गळती रोखणारी सील) झिजतं, आणि काम झालं की त्याच पंपातून दहा मिनिटं साधं पाणी मारा, उद्यावर ठेवू नका.