बांध घालण्याआधी उतार मोजा

बांध फुटला की दोष पावसाला दिला जातो. पण पुणे जिल्ह्यात पुरंदरच्या माळावर असो की भोरच्या डोंगरउतारावर, चूक बहुतेक वेळा आखणीतच झालेली असते. एकरभर रानावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण ४,००० लिटर पाणी. ५० मिलिमीटरचा वळीव एका एकरावर दोन लाख लिटर ओततो. मावळ, मुळशीत या पाण्याला सुखरूप वाट काढून देणं हे मोठं काम, तर शिरूर, दौंड, बारामतीच्या जिरायत पट्ट्यात ते जागीच जिरवणं.

समपातळी काढायला महागडं यंत्र लागत नाही. सात-सात फुटांच्या दोन काठ्या वर बांधा, मध्ये आडवी काठी लावा, टोकाला ओळंबा सोडा. ही चौकट उभी करून तिच्या दोन्ही पायांच्या जागी खुंट्या ठोका आणि ओळंब्याची दोरी आडव्या काठीवर जिथे येते तिथे खूण करा. मग चौकट फिरवून पायांची अदलाबदल करा आणि दुसरी खूण करा. दोन्ही खुणांच्या बरोबर मधली जागा म्हणजे समपातळी; दोरी तिथे आली की चौकटीचे दोन्ही पाय एका पातळीत. ही तपासणी टाळली तर पुढची सगळी आखणी तिरकी जाते. वाऱ्यात दोरी हलते, म्हणून ओळंब्याला जड दगड घ्या आणि काम सकाळी उरका. समपातळीची रेषा फक्कीने (पांढऱ्या भुकटीने) मारा.

काम माथ्याकडून सुरू करा. खालचा बांध आधी घातला तर वरचं सगळं पाणी त्यावरच येतं. पडीक माळावर समतल चर (समपातळीच्या रेषेवर खोदलेला) दोन फूट रुंद, एक ते दोन फूट खोल पुरतो. माती खालच्या अंगाला टाका, पण काठापासून फूटभर सोडून, नाहीतर पहिल्याच पावसात ती परत चरात येते. लांब चरात मधे मधे न खोदलेला पट्टा ठेवा. आखणी थोडी चुकली तरी पाणी एका टोकाला धावत नाही.

बांधाच्या पायातलं गवत, धसकटं काढून जमीन नांगरून घ्या, म्हणजे नवी माती जुनीला धरते. १५-२० सेंटीमीटरचे थर देऊन चोपा. माती बसते, म्हणून हव्या त्या उंचीपेक्षा पाचवा हिस्सा जास्त ठेवा. सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडायची वाट, भरावावर कधीच नको. तो घट्ट मुरमावर, दगड रचून करा. त्यातून निघणारं पाणी कुठे जाणार हे शेजाऱ्याशी आधीच बोलून ठरवा, अर्धे वाद इथेच मिटतात. भारी काळ्या जमिनीत उन्हाळ्यात बांधाला भेगा पडतात आणि पाणी त्यांतून आरपार जातं. तिथे पाणी तुंबवणारे बांध घालू नका, ढाळीचे (किंचित उतार दिलेले) बांध घालून पाणी हळूहळू बाहेर काढा. बांधावर लगेच मारवेल किंवा वाळा हे गवत लावा.

३०×३०×३ मीटरच्या, १:१ उताराच्या शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. मुरमाड जमिनीत ते जिरून जाईल. विहिरीच्या वरच्या अंगाला असं जिरणं फायद्याचंच, पण साठा हवा असेल तर अस्तर लागतंच. तळं ओढ्याच्या पात्रात घेऊ नका, गाळाने भरतं.

अनुदान हवं असेल तर खोदकामाला हात लावण्याआधी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करा. सातबारा, आठ-अ, आधार, फार्मर आयडी तयार ठेवा. पूर्वसंमती मिळण्याआधी जेसीबी लावला तर अनुदान हातचं जातं. खातं सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांची संमती आधीच घ्या. गावच्या कृषी सहायकाला (आता सहायक कृषी अधिकारी) अर्ज दाखवण्यापुरतं बोलावू नका, शेतात आणून उतार दाखवा. अडलं तर तालुका कृषी कार्यालय आहे. तांत्रिक शंकांसाठी बारामती आणि नारायणगावची कृषी विज्ञान केंद्रं आहेत.

पहिला जोराचा पाऊस पडला की फावडं घेऊन सगळ्या बांधावरून चाला. घुशीची बिळं आणि खचलेली जागा तेव्हाच दिसते. मुरूम आणि माती भरून ती त्याच दिवशी चोपा.