दोरूच्या उतारावरचा पहिला हंगाम

नाशिककडे वाइन द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च चालते, तर पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यात ती सप्टेंबरात येते. म्हणजे वाइनच्या धंद्यात नव्याने उतरणाऱ्याला एकाच वर्षात दोन हंगाम पदरात पाडून घेता येतात. मी निफाडच्या आमच्या बागेतून तिकडे गेले. जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच की बाटलीवरची नावं पाठ करून जाऊ नका, आधी डोंगराचा उतार वाचायला शिका.

पोर्तोहून नदीच्या काठाकाठाने रेल्वे जाते. पिन्याओ स्टेशनच्या भिंतींवर निळ्या फरश्यांमध्ये तोडणीची चित्रं आहेत, ती नीट बघा. बाहेर पडलं की समोर पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर. पश्चिमेला माराओ पर्वत समुद्राकडचा पाऊस अडवतो. इगतपुरीत कोसळणारा पाऊस सिन्नरपर्यंत येता येता कसा आटतो, तसंच. स्पेनच्या हद्दीकडे जावं तसं रान कोरडं होत जातं. जमीन म्हणजे पाटीसारखा पापुद्र्यांचा दगड, शिस्ट. त्याच्या उभ्या भेगांमधून मुळ्या पाण्याच्या शोधात खोल उतरतात. या प्रदेशाची हद्द 1756 मध्येच आखली गेली. त्या काळी दगडी खांब रोवून ती पक्की केली होती.

आता जाती. तिंता बारोका लवकर पिकते, तिच्यात साखर भराभर चढते आणि कडक उन्हात मणी सुकतात, म्हणून तिला उत्तरेकडचा थंड उतार देतात. तोरीगा फ्रांका उशिरा पिकते, तिला ऊन हवं असतं. तिंता रोरिझ म्हणजे स्पेनची टेंप्रानिलोच. आणि जिचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं ती तोरीगा नासियोनाल. तिचा घड लहान, मणी बारीक, साल जाड, उत्पन्न कमी. आपल्याकडे एकरी वजन मोजत मोठं झालेल्या डोळ्यांना ही वेल आधी कमनशिबी वाटते. पण रंग आणि वास सालीत असतो, आणि मणी जितका बारीक तितकी रसाच्या मानाने साल जास्त.

जुन्या बागांमध्ये मात्र एकाच पायरीवर वीस-तीस जाती मिसळून लावलेल्या असतात. माझ्या ओळीत तोडणी करणाऱ्या एका आजीबाईंनी शेजारशेजारच्या दोन वेलींची पानं माझ्या तळहातावर ठेवली, एकाच्या खाचा खोल, दुसऱ्याच्या उथळ, आणि दोन्ही नावं माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतली. मग रिकामं भांडं पुढे सरकवत म्हणाल्या, ‘बाल्द’. आपली बादली! हा शब्द त्यांच्याकडूनच आपल्याकडे आलाय. चावी आणि साबणही तसेच. तरी पोर्तुगीज थोडी शिकूनच जा, मुकादमाच्या सूचना इंग्रजीत मिळत नाहीत. विला रेआलच्या विद्यापीठात वाइननिर्मितीचा अभ्यासक्रम आहे, तिथे शिकायचं असेल तर भाषेची तयारी आणखी पक्की हवी.

बूट चांगले घ्या. बाकी सामान तिथे मिळतं.

संध्याकाळी तुडवणी. सगळीकडे आता पायांनी तुडवत नाहीत, पण चांगल्या पोर्टसाठी, म्हणजे इथल्या गोड, कडक वाइनसाठी, काही ठिकाणी अजून ती रीत आहे. ग्रॅनाइटच्या उथळ हौदात, लागारमध्ये, मांडीपर्यंत द्राक्षं. खांद्याला खांदा लावून रांगा करायच्या आणि मुकादमाच्या तालावर पाऊल उचलायचं. पोर्ट गोड राहावी म्हणून निम्मी साखर उरलेली असतानाच आंबणं थांबवतात, त्यात द्राक्षांचाच 77 टक्क्यांचा मद्यार्क घालून. त्यामुळे सालीतला रंग काढायला दोन-तीन दिवसच मिळतात. पाय हे काम जोरात करतात आणि तरी बी फुटत नाही. बी फुटली की कडवटपणा उतरतो. हे मी वर्गात ऐकलं होतं, पण टाचेखाली बी घसरून सहीसलामत निसटते हे त्या रात्री पहिल्यांदा जाणवलं. दोन तास कोणी रांग मोडली नाही. मग मुकादम ओरडला, ‘लिबर्दाद!’, म्हणजे स्वातंत्र्य, ॲकॉर्डियन सुरू झालं आणि हौदात सगळे मनाला येईल तसे नाचायला लागले.