उबुंटू गायब झालं? फॉरमॅट मारू नका

एकाच मशीनवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) दोन्ही टाकलेली असताना विंडोजचं मोठं अपडेट झालं आणि मशीन थेट विंडोजमध्येच उघडायला लागलं, तर लॅपटॉप घेऊन पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सची बाजारपेठ, तपकीर गल्ली, गाठण्याची घाई नको. उबुंटू बहुधा जागेवरच असतं. फक्त बूटचा क्रम, म्हणजे आधी कोणती सिस्टिम सुरू व्हायची तो क्रम, बदललेला असतो. मशीन सुरू होताना एफ२ किंवा डिलीट दाबा (कंपनीप्रमाणे बटण बदलतं), बूट ऑर्डरमध्ये जा आणि ‘उबुंटू’ला ‘विंडोज बूट मॅनेजर’च्या वर आणा. बहुतेकांचं काम इथेच संपतं.

पण त्याआधी एक गोष्ट, आणि ही खरंच टाळू नका: बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून ठेवा, कागदावर. बूटची सेटिंग हलवली की विंडोज ती मागू शकतं, आणि तेव्हा ती त्याच लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये असून काय उपयोग?

उलटं झालं, म्हणजे ग्रबच्या (सुरुवातीला कोणती सिस्टिम उघडायची ते विचारणाऱ्या उबुंटूच्या प्रोग्रॅमच्या) यादीत विंडोजच दिसत नसेल, तर कारण वेगळं. ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये तो चालू करून ‘अपडेट-ग्रब’ चालवा.

विंडोजचं फास्ट स्टार्टअपही बंदच ठेवा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि उबुंटूला विंडोजचं पार्टिशन (डिस्कवरचा त्याचा भाग) लिहिण्यासाठी उघडता येत नाही. डेस्कटॉप असेल तर हे उद्योग गुरुवारी नकोत; दुरुस्तीसाठी वीज कधी जाईल, पुणेकरांना सांगायला नको.