सोसायटीतलं बुद्धिबळ महिन्याभरात बंद पडू नये म्हणून काय करायचं

नाशिकमध्ये इंदिरानगर घ्या नाहीतर पंचवटी, सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारचं बुद्धिबळ सुरू होतं, पहिल्या दिवशी गर्दी आणि महिन्याभरात तेच चार जण उरतात. आमच्याकडेही तसंच झालं होतं. चांगलं खेळणारे जिंकायचे, बाकीचे हरून घरी, शिकायला कोणालाच काही मिळत नव्हतं मग येणार कशाला.

म्हणून पहिल्या दिवशी पूर्ण डाव लावूच नका. दोन्हीकडे फक्त ८-८ प्यादी मांडा, राजा वजीर काही नको, ज्याचं प्यादं आधी समोरच्या टोकाला पोचेल तो जिंकला. पाच-दहा मिनिटांत संपतं, आणि प्यादं चालतं सरळ पण मारतं तिरकं हे आजींनासुद्धा पाठ करावं लागत नाही, खेळता खेळता बसतं डोक्यात. पुढच्या रविवारी राजा आणा, मग घोडा. शिकवणं १५ मिनिटं, बाकी वेळ खेळ, याच्यावर गेलात की शाळा होते.

आता खरी गंमत आजोबा मंडळींची. त्यांचा खेळ देशी पद्धतीचा, प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर आणि कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं, नाही, आणि पोरं मोबाईलवर शिकलेली. कोणालाच चूक म्हणू नका, एक डाव जुन्या नियमांनी एक नव्या, असं समोरासमोर बसवा. आमच्या एका काकांनी तर पोराचा हातच धरला, एका चालीत दोन सोंगट्या कशा काय हलवतोस रे! पोरगं पाचवीतलं, पण त्याने शांतपणे सांगितलं की राजा आणि तो हत्ती आधी हललेले नकोत, मधली घरं रिकामी हवीत, राजाला शह बसलेला नको आणि शह असलेल्या घरावरून जायचं पण नाही. पुढच्या रविवारी काकांनी स्वतः कॅसलिंग केलं आणि मान वर करून सगळ्यांकडे बघितलं, तो चेहरा मी अजून विसरले नाहीये.

शिकवायला कोच लागतोच असं नाही. ढोल पथकात नवीन मुलगी आली की जुन्या वादकाशेजारी उभी करतात ना, तसंच, या आठवड्यात जो शिकला त्याने पुढच्या आठवड्यात नवीन माणसाला घेऊन बसायचं. मुलांना विदित गुजराथीचं नाव सांगा, नाशिकचाच आहे, २०२४ ला बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताला गोल्ड मिळालं त्या टीममध्ये होता, लगेच सरसावून बसतात.

आणि वेळ ठरवताना बायकांना आधी विचारा. आम्ही सहाची चारची केली तेव्हा कुठे त्या यायला लागल्या.